साडेसात मिलिमीटर

१

रोज सकाळी साडेआठला मी पाऱ्याच्या बॅरोमीटरसमोर उभा राहतो. आधी त्याला जोडलेलं थर्मामीटर वाचायचं, कारण माणूस जवळ उभा राहिला की त्याच्या अंगाच्या उबेनं ते चढायला लागतं. मग तळाचा स्क्रू हळूहळू फिरवून नळीखालच्या पेल्यातला पारा वर आणायचा. पेल्यावर एक हस्तिदंती टोक असतं. ते टोक आणि पाऱ्यातलं त्याचं प्रतिबिंब एकमेकांना नुसतं टेकलं की थांबायचं. शेवटी डोळा पाऱ्याच्या माथ्याच्या बरोबर समोर आणून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. माझा थोरला भाऊ, दादा, म्हणायचा, "तेवढ्या वेळात मी दाढी करून, चहा पिऊन लाँच चालू करतो."

लोकांना वाटतं, पाऱ्याला कोणीतरी वर ओढतं. ओढत कोणी नाही. नळीच्या बंद टोकाशी, पाऱ्याच्या वर, काहीच नसतं, हवासुद्धा नसते. बाहेरची हवा पेल्यातल्या पाऱ्यावर बसलेली असते आणि तिच्या वजनाइतका पारा नळीत उभा राहतो. साधा तराजू आहे तो. एका पारड्यात पारा, दुसऱ्यात आपल्या डोक्यावरचं सगळं आभाळ.

डबीच्या बॅरोमीटरची गोष्ट वेगळी. त्यात पातळ पत्र्याची, वळ्यावळ्यांची एक डबी असते, आतली हवा काढून घेतलेली. ती चेपून जाऊ नये म्हणून एक स्प्रिंग तिला धरून ठेवते. हवा जड झाली की डबी केसभर दबते, हलकी झाली की केसभर फुगते, आणि घरातली कुजबुज चौकात पोचेपर्यंत जशी वाढते तसा तो केसभर फरक तरफांमधून काट्याच्या टोकाशी येईपर्यंत बोटभर होतो. काटा कुठे अडकला असला तर सुटावा म्हणून काचेवर एक हलकी टिचकी मारायची आणि मगच वाचायचं.

ही यंत्रं दुरुस्त करणं आणि लावून देणं हा आमचा धंदा. तो आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, सुरू केला आणि मी पुढे चालवला. दादाला बसून करायचं काम कधी जमलं नाही. त्यानं लाँच घेतली आणि समोरच्या बेटावर किराणा, सिमेंट, औषधं पोचवायला लागला. आबांनी एकाच पेटीतून आलेले दोन पितळी डबीचे बॅरोमीटर घेतले होते. एक दादाच्या लाँचवर गेला, दुसरा माझ्या भिंतीवर राहिला. आम्ही त्यांना जुळे म्हणायचो.

दादा गेल्याला अकरा महिने झाले होते. त्या मंगळवारी मी नेहमीप्रमाणे पारा वाचला, वळलो आणि भिंतीवरच्या जुळ्याला टिचकी मारली. त्याचा काटा तबकडीच्या पार शेवटी, आठशेच्याही पुढे, खुंटीला जाऊन टेकलेला होता.

२

माझ्यासारख्या माणसाला अशा वेळी भीती वाटत नाही, राग येतो. काल संध्याकाळपर्यंत शहाण्यासारखं चालणारं यंत्र आज म्हणतंय की खोलीतली हवा कधी नव्हती इतकी जड झाली आहे. शेजारचा पारा मात्र साडेसातशेवर शांत उभा. गिऱ्हाइकांची आणखी चार यंत्रं टेबलावर होती, तीही पाऱ्याशी सहमत.

मी जुळ्याला खाली काढलं आणि उघडलं. स्प्रिंग ठीक होती, साखळी ठीक होती, तरफा मोकळ्या होत्या. डबी मात्र दबलेली होती. तिच्या वळ्या एकमेकींना जवळजवळ चिकटल्या होत्या, जणू कोणी तळहात ठेवून भार दिला आहे. मी चिमट्यानं तिला वर उचलायला गेलो. ती उचलली जाईना. तिच्यावर काहीही नव्हतं.

मग मी शेवटचा उपाय केला. आमच्याकडे एक मोठी काचेची हंडी आहे, तिच्यातली हवा पंपानं काढता येते. जुळ्याला आणि एका गिऱ्हाइकाच्या यंत्राला मी शेजारीशेजारी आत ठेवलं आणि पंप मारायला लागलो. गिऱ्हाइकाचा काटा झरझर खाली गेला. जुळ्याचा काटा खुंटीवरून तसूभर हलला नाही. आत हवा उरली नव्हती, तरी काहीतरी त्या डबीला दाबत होतं.

पत्रा थकला असेल, असं मी वहीत लिहिलं. पत्रा थकतो हे खरं आहे. पण थकलेला पत्रा सैल पडतो, असा घट्ट होत नाही, हेही मला माहीत होतं. मी ते लिहिलं नाही.

३

आता जे कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगतो.

आमचं दुकान चढावर आहे, बंदरापासून ब्याऐंशी मीटर उंच. जितकं वर जावं तितकी डोक्यावरची हवा कमी, म्हणून पारा कमी. अकरा मीटर चढलं की एक मिलिमीटर उतरतो. त्यामुळे माझ्या दुकानातला पारा बंदरावरच्यापेक्षा नेहमी साडेसात मिलिमीटर खाली असतो. लाँचवाल्यांना बंदराचा आकडा हवा असतो. म्हणून त्यांचं यंत्र लावून देताना मी पारा वाचतो, त्यात साडेसात मिळवतो आणि यंत्रामागचा स्क्रू फिरवून काटा तिथे आणतो. तीस वर्षं हे केल्यावर साडेसात मिळवण्यासाठी डोकं लागत नाही, हात आपणहून मिळवतो. दादा त्याला माझी साडेसाती म्हणायचा.

दादानं त्याचं यंत्र साफ करायला आणलं त्या दिवशी पाऱ्याची नळी खाली उतरवलेली होती. पारा काळवंडला होता आणि मी तो चामड्यातून गाळत बसलो होतो. दादाला घाई होती. मी म्हटलं, पारा कशाला हवा, भिंतीवर जुळं आहे की. जुळ्याचा आकडा वाचला आणि दादाचा काटा लावून दिला.

भिंतीवरच्या जुळ्यात साडेसात आधीच मिळवलेले असतात. मी ते पुन्हा मिळवले.

चौथ्या दिवशी पहाटे दादाची लाँच निघाली तेव्हा बंदरावर हवेचा दाब सातशे सेहेचाळीस होता आणि उतरत होता. दादाच्या काट्यानं त्याला सातशे साडेत्रेपन्न दाखवले. साडेत्रेपन्नला कोणीही जातं. सेहेचाळीसला कोणी दोर सोडत नाही. दुपारी वादळ आलं. बरोबरच्या खलाशाचं प्रेत तिसऱ्या दिवशी मिळालं. दादा मिळाला नाही, लाँचही नाही.

चौकशी झाली. बंदराच्या कचेरीतल्या यंत्राच्या कागदावर दाब पहाटेपासून घसरताना दिसत होता, म्हणून ठरलं की लाँचवाल्यानं निष्काळजीपणा केला. खलाशाच्या आईनं वहिनीशी बोलणं सोडलं. बाजारात लोक म्हणायचे, दोन पैशांसाठी दुसऱ्याचं पोर बुडवलं. मला माझी चूक दहाव्या दिवशी वही चाळताना सापडली. मी वही मिटली. आज सांगू, उद्या सांगू असं करत अकरा महिने गेले, आणि तेवढे दिवस माझा भाऊ माझ्या चुकीचा डाग कपाळावर घेऊन राहिला. मला रात्री झोप लागायची. याचीच मला जास्त लाज वाटते.

४

तीन दिवस काटा खुंटीवर होता. शुक्रवारी सकाळी तो खुंटीपासून सुटलेला दिसला. आठशेवर होता.

रिकामा हात हिशेब करतो. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड असतो. एक मिलिमीटर पारा म्हणजे साडेतेरा मिलिमीटर पाणी, समुद्राचं खारं पाणी घेतलं तर जरा कमी. जुळं खरं तर सातशे अठ्ठावन्नवर असायला हवं होतं. आठशे म्हणजे बेचाळीस जास्त. मी पेन्सिलीनं गुणाकार केला आणि आकडा बघत बसलो. अर्ध्या मीटरहून थोडं जास्त पाणी. इतके दिवस काटा खुंटीवर होता तेव्हा त्या डबीवर किती पाणी असेल ते मोजायची सोयच नव्हती.

मी स्वतःला फैलावर घेतलं. भिंतीवर कोरडं लटकलेलं यंत्र पाण्याखाली कसं असेल? पण काट्याला मी आणखी काय म्हणणार होतो? दुपारी तो सातशे नव्वदवर आला. शनिवारी सकाळी ब्याऐंशी, संध्याकाळी सत्तर. तो घाई करत नव्हता. वर येणारा दमलेला असावा, असं माझ्या मनात आलं आणि मी टेबलावरचे स्क्रू मोजायला घेतले.

रविवारी काटा सातशे साडेपासष्टवर येऊन थांबला. म्हणजे बरोबर साडेसात जास्त.

माझ्या डोक्यानं लगेच सुटका शोधली. म्हटलं, हे माझंच मन आहे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. माझ्या चुकीचा आकडा मला दिसतोय, बस. शेजारच्या शिंप्याला बोलावून मी काटा वाचायला लावला. त्यानं चष्मा पुसला, वाचला आणि साडेपासष्ट म्हणाला. वर हे काय माझी परीक्षा घेतोस का असं विचारून गेला.

मग मला दुसरा अर्थ कळला. दुकानातल्यापेक्षा साडेसात जास्त दाब एकाच उंचीवर असतो. बंदराच्या पायरीवर, पाण्याच्या बाहेर.

५

सोमवारी दुपारी तीनच्या सुमाराला वहिनी आली. अकरा महिन्यांत ती पहिल्यांदाच दुकानात आली होती. स्टुलावर बसली, पदरानं मान पुसली आणि पिशवीतून एक कागद काढला. चौकशीचा निकाल पुन्हा तपासून बघावा म्हणून तिनं अर्ज केला होता. दादा काटा बघितल्याशिवाय कधी निघत नसे, एवढं मी लिहून द्यावं आणि सही करावी, अशी तिची इच्छा होती. बायकोच्या शब्दाला तिथे किंमत नाही, पण यंत्र लावणाऱ्याच्या शब्दाला असेल, असं तिला वाटत होतं.

मी कागद घेतला. तिच्या खांद्यावरून मला जुळं दिसत होतं. काटा चौसष्टवर होता.

आम्ही लहान असताना आबा आम्हाला एक जुळं हातात देऊन बंदरावरून चालत वर यायला लावत. दाब कसा उतरतो ते पायांना कळलं पाहिजे, असं ते म्हणत. बर्फाच्या कारखान्यापाशी एक मिलिमीटर, शाळेच्या भिंतीपाशी तीन, वळणावरच्या बाकापाशी पाच. त्या रस्त्याचा प्रत्येक मिलिमीटर मला पाठ आहे. चौसष्ट म्हणजे बर्फाचा कारखाना मागे पडला होता.

वहिनी खलाशाच्या आईबद्दल सांगत होती. ती बाई किराण्याच्या दुकानात दिसली की वहिनी पिशवी तिथेच ठेवून बाहेर येते. मी हो हो म्हणत होतो. काटा बासष्टवर आला, शाळा गेली. साडेसाठवर, म्हणजे बाकापाशी, तो थांबला. चार-पाच मिनिटं तिथेच होता. दादाचा डावा गुडघा शेवटची सहा वर्षं धड नव्हता. वर येताना तो त्या बाकावर बसायचाच.

"भाऊजी, तुम्ही ऐकताय ना?" वहिनी म्हणाली.

ऐकतोय म्हटलं.

मग तिनं त्या पहाटेची गोष्ट सांगितली. दादा निघाला, बंदरापर्यंत गेला आणि परत आला. गुडघा ठणकतोय, हवा बरी नाही, आज राहू दे, असं म्हणत त्यानं चपला काढल्या. वहिनीनं चहा टाकला. पण त्याला चैन पडेना. पुन्हा एकदा काटा बघून येतो म्हणून तो खाली गेला आणि तो चहा संपवायलाच वर आला.

"म्हणाले, काटा चांगला वर आहे. गुडघ्याचं काय ऐकायचं, धाकट्यानं हातानं लावलाय, तो चुकायचा नाही." ती जराशी हसली. "तुमच्यावर फार भरवसा होता हो त्यांचा. म्हणून म्हटलं, तुम्हीच लिहून द्या."

काटा बाकापासून उठला होता.

६

मी सगळं सांगितलं. पारा गाळत होतो हे, जुळ्यावरून लावला हे, साडेसात दोनदा मिळवले हे, वही मिटली हे. वहिनीला कळावं म्हणून मी वही उघडून तो दिवस दाखवला. मला वाटलं होतं बोलताना रडू येईल. आलं नाही. गिऱ्हाइकाला यंत्रातला बिघाड समजावतो त्याच आवाजात मी बोलत होतो आणि तो आवाज बदलता येत नव्हता.

वहिनीनं वही जवळ ओढली. तिनं आकड्यावरून बोट फिरवलं. मग अर्जाचा कागद माझ्यापुढून उचलून घेतला आणि त्याची बारीक घडी घातली.

आमचा जिना लाकडी आहे. कोणी चढायला लागलं की भिंत थरथरते आणि पेल्यातल्या पाऱ्यावर बारीक वर्तुळं उठतात. गिऱ्हाईक दार वाजवण्याआधी आम्हाला पाऱ्यावरून कळतं. आता वर्तुळ उठलं. बरंच थांबून दुसरं उठलं, हलकं. मग पुन्हा एक जड. एका पायावर भार देऊन, दुसरा ओढत, कोणीतरी एकेक पायरी चढत होतं. जुळं अठ्ठावन्नवर होतं. पाऱ्याशी त्याचा मेळ बसला होता, आठवड्यापूर्वीपर्यंत बसायचा तसा.

"हे तुम्ही तिला सांगाल?" वहिनीनं विचारलं. "खलाशाच्या आईला?"

"सांगेन."

"आणि कचेरीत?"

"तिथेही सांगेन."

तिनं मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते आणि नजर वहीवरच खिळली होती. तिची पाठ दाराकडे होती.

आमच्या दाराला दुधी काच आहे. तिच्यापलीकडे एक सावली उभी होती, डाव्या अंगाला झुकलेली. दार वाजवलं नाही. हळूच पुढे होऊन त्या सावलीनं कपाळ काचेला टेकवलं, चढून आलेला माणूस टेकवतो तसं. दुधी काच ओली झाली की आरपार दिसते. कपाळ टेकलं होतं तिथे तळहाताएवढी काच स्वच्छ झाली. तिच्यातून मला ओले केस दिसले. त्यांच्याखाली जे होतं ते मी क्षणभरच पाहिलं आणि नजर खाली घेतली. तो दादा होता. आणि तो रागावलेला नव्हता. हे मी शपथेवर सांगेन.

दार नुसतं लोटलेलं होतं. मी चार पावलांवर होतो.

वहिनीनं डोळे पुसले आणि मान जराशी वर केली. "जिन्यावर पाय वाजला का? कोण आलंय?"

"कोणी नाही, वहिनी," मी म्हणालो.

थोड्या वेळानं पाऱ्यावर वर्तुळ उठलं. मग दुसरं. खाली उतरताना तो गुडघा जास्त त्रास देतो.

७

मी दिलेला शब्द पाळला. खलाशाच्या आईनं मला दारातच उभं ठेवून सगळं ऐकलं, मग आत जाऊन कडी लावली. पण दुसऱ्या आठवड्यात ती वहिनीकडे गेली, असं कळलं. दोघी बराच वेळ बसल्या. कचेरीनं निकाल बदलला. माझी गिऱ्हाइकं गेली, ती जायलाच हवी होती. बाजारात आता दादाबद्दल कोणी वाईट बोलत नाही. माझ्याबद्दल बोलतात, आणि ते खरं आहे.

जुळं त्या सोमवारीच संध्याकाळी साडेपासष्टवर गेलं, मंगळवारी आठशेवर, बुधवारी खुंटीवर. तेव्हापासून ते तिथेच आहे. मी ते दिवसातून कितीदा बघतो ते मोजत नाही.

वहिनी अधूनमधून येते. चूक तिनं पदरात घेतली. माणूस आहे, हात चुकतो, असं ती म्हणाली, आणि दादा असता तर त्यानंही हेच म्हटलं असतं. मला ते माहीत आहे. मागच्या आठवड्यात ती खिडकीपाशी बसून चहा पीत होती आणि बोलता बोलता तिनं पेला खाली ठेवला.

"मिळालेच नाहीत, हेच डाचतं हो," ती म्हणाली. "एकदा नुसते बघायला मिळाले असते तरी चाललं असतं. कसेही असते तरी."

मी तिच्या पेल्यात आणखी थोडा चहा ओतला.